आषाढात इंजिन, कार्तिकात रंग: ठाण्याच्या हवेत १९६५ ची होंडा बांधताना

माझ्या पहिल्या होंडाच्या, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या रेसिंग कार मॉडेलच्या, बॉडीवर मी क्लिअर कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक लॅकरचा थर, मारला तो जुलैमधल्या एका संध्याकाळी. बाहेर पाऊस थांबला होता, गॅलरीत वाराही बरा होता, आणि तेवढ्यावर मला वाटलं की आता मारून घ्यावा. वीस मिनिटांनी डबा उघडून पाहिलं तर कॉकपिटच्या पुढच्या लालभडक गोळ्यावर साय धरली होती. रंगात कचरा नव्हता, कॅनही नवा होता. चूक माझ्या घाईची होती आणि थोडी ठाण्याच्या हवेची.

लॅकरमधला थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग थंड पडला की हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसतो आणि रंग दुधाळ होतो. पावसाळ्यात आमच्या नौपाड्यातल्या घरात आर्द्रतेचा काटा दिवसभर ऐंशी टक्क्यांच्या पुढे असतो. तेव्हापासून मी मॉडेलचं काम पुस्तिकेतल्या पायऱ्यांपेक्षा कालनिर्णय बघून लावते. जून ते सप्टेंबर इंजिन, सस्पेन्शन, कॉकपिट, म्हणजे ब्रशनं आणि बारीक फवाऱ्यानं होणारी कामं. दिवाळीनंतर बॉडीचा रंग. जानेवारीत पॉलिश आणि जोडणी. एका गाडीला आठ महिने लागतात. यावर बरेच जण हसतात, हसू दे.

गाडी म्हणजे होंडा आरए२७२. तामिया या जपानी कंपनीचं एकास वीस प्रमाणातलं किट घेऊन मी तिच्या दोन प्रती बांधल्या आहेत. एक बिघडवून, एक बरी.

आधी दिवस ठरवा

ही गाडी का, ते सांगते, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. २४ ऑक्टोबर १९६५ ला मेक्सिको ग्रां प्रीमध्ये रिची गिन्थर हा अमेरिकन चालक ११ क्रमांकाची आरए२७२ घेऊन तिसऱ्या जागेवरून सुटला, पहिल्याच फेरीत पुढे गेला आणि ६५ फेऱ्या पुढेच राहिला. ब्रॅबॅम संघाची गाडी चालवणारा डॅन गर्नी तीन सेकंदांहून कमी अंतरानं दुसरा आला. फॉर्म्युला वनमधला होंडाचा हा पहिला विजय होता, गुडइयर टायरचाही पहिला. गिन्थरच्या कारकिर्दीतला तर हा एकमेव. दीड लिटर इंजिनांच्या नियमांखाली झालेली ती शेवटची शर्यत होती, पुढच्या हंगामापासून तीन लिटर आले.

एवढ्याशा दीड लिटरमध्ये होंडानं बारा सिलिंडर बसवले होते, तेही आडवे. म्हणजे व्ही-१२ इंजिन गाडीच्या लांबीत नसून रुंदीत. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीनं हीच मेजवानी. चालकाच्या पाठीमागे हवा घेणाऱ्या बारा तुताऱ्या दोन रांगांत उभ्या, आणि त्यांवर झाकण नाही. इतर गाड्यांत इंजिन लपतं, इथं ते उघड्यावर बसलेलं आहे.

तर सगळ्यात आधी कागदावर एक ओळ लिहा: कोणती शर्यत, कोणता क्रमांक. किटच्या बॉक्सवर चिकटवून टाका. एकच गाडी हंगामभर बदलत असते, आणि आज जपानमध्ये मोतेगीच्या होंडा कलेक्शन हॉलमध्ये जी आरए२७२ आहे ती निगुतीनं सांभाळलेली, चकचकीत गाडी आहे. तिचे रंगीत फोटो इंटरनेटवर भरपूर सापडतात. १९६५ चे बहुतेक कृष्णधवल. पाईप कुठून कुठे जातो ते संग्रहालयातल्या गाडीवरून घ्या. मळ, चमक, टायरची झीज मात्र जुन्या फोटोंवरून.

एक मोह टाळायचा: सीटबेल्ट. बाजारात कापडी पट्टे आणि इवलीशी बक्कलं मिळतात आणि ती लावायला हात शिवशिवतात. पण फॉर्म्युला वनमध्ये पट्टे सक्तीचे झाले १९७२ मध्ये. १९६५ मध्ये बहुतेक चालक मोकळेच बसत. जाहिरातींचंही तसंच. प्रायोजकांचे मोठे रंगीत पट्टे १९६८ नंतर आले. आपली गाडी जवळजवळ कोरी, हस्तिदंती पांढरी, वर लाल सूर्य. लपवायला काही नसल्यामुळे प्रत्येक ओरखडा दिसतो. पहिलंच मॉडेल असेल तर ही गाडी घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. आधी एखादी रस्त्यावरची जुनी गाडी बांधून हात बसवा.

हत्यारं

बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. त्यामुळे घरात व्हर्नियर, बारीक कानशी आणि "जॉब हातात घेण्याआधी हात धू" हा दम, तिन्ही आयतं मिळालं. तुम्हाला विकत घ्यावं लागेल ते एवढंच: प्लास्टिकसाठीचा एका बाजूनं सपाट पात्याचा निपर, सर्जिकल ब्लेड आणि मूठ (मेडिकलमध्ये ११ नंबर मागा), टोकदार चिमटा, हातानं फिरवायचं बारीक ड्रिल आणि त्याची ०.४ ते १ मिलिमीटरची पाती, ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर. वॉटर पेपर जांभळी नाक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बारीक पाती आणि कानशींसाठी एक दिवस काढून मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जा. लोकलचं तिकीट वसूल होतं.

निपर मात्र स्वस्तातला घेऊ नका. वायरी कापायची पकड प्लास्टिक चिरडते आणि कापलेल्या जागी पांढरा डाग पडतो. तो डाग म्हणजे आतपर्यंत गेलेली चीर असते, घासून जात नाही.

एअरब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा पुरतो. कॉम्प्रेसरला टाकी हवी, आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप तर हवाच हवा. नाहीतर पावसाळ्यात नळीतून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात. एअरब्रश नसेल तर अडत नाही. बॉडीसाठी कॅन चालतो, बाकीचं ब्रशनं.

कोरडी जोडणी

प्लास्टिकच्या चौकटी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि पंख्याखाली वाळवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर पुढे रंग सोलून निघतो.

मग सुटा भाग कापताना दोन कापात कापा. पहिला काप भागापासून लांब, दुसरा जवळ, आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर ब्लेडनं. साच्याच्या दोन अर्ध्यांची जी बारीक रेघ भागावर राहते ती ब्लेडची धार उभी धरून खरवडून काढा. गोल नळ्यांवर ही रेघ नेहमी असते आणि नेहमी राहून जाते.

आता गोंद न लावता मास्किंग टेपनं सगळी गाडी उभी करा. हो, सगळी: टब (चालक बसतो तो गाडीचा मुख्य सांगाडा), इंजिन, सस्पेन्शन, चाकं, वरची बॉडी. मग ती आरशाच्या तुकड्यावर ठेवा. चारपैकी एक चाक हवेत असेल तर आत्ताच कळतं, आणि आत्ता ते दहा मिनिटांचं काम असतं. मी पहिल्या गाडीत हे टाळलं. मागचं डावं चाक आजही कागदाच्या जाडीइतकं वर आहे. बाबा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून दाखवतात.

रंग बसला की प्रत्येक भाग थोडा जाड होतो, हेही ध्यानात ठेवा. कोरडं घट्ट बसणारं झाकण रंगवल्यावर बसतच नाही. बॉडीच्या कडा आतून कागदानं दोन-चार हात घासून केसभर जागा आधीच करून ठेवा.

इंजिन, म्हणजे चार महिने

इथं घाई करायची नाही, कारण बाहेर पाऊस आहे आणि दुसरं करण्यासारखं काही नाही.

धातूचा रंग म्हणजे एक चंदेरी नव्हे. खऱ्या इंजिनात ओतीव भाग निस्तेज असतो, कापून घासलेला भाग उजळ, पोलादी नटबोल्ट काळपट. आधी सगळ्यावर चकचकीत काळा. तो पूर्ण वाळला की ओतीव भागांना तामियाचा एक्सएफ-१६ हा निस्तेज अ‍ॅल्युमिनियम, त्यातल्याच काही भागांना त्यात एक्सएफ-५६ मिसळून थोडा गडद. कड्यांना आणि झाकणांना एक्स-११ चंदेरी, बोल्टच्या डोक्यांना एक्स-१० गनमेटल. रंग चार, पण मिश्रणं सात-आठ करा. दोन शेजारचे भाग एकाच मिश्रणातले असू नयेत, एवढं पाळलंत तरी इंजिन प्लास्टिकचं वाटत नाही.

हे एक्स आणि एक्सएफ मालिकेतले अ‍ॅक्रिलिक पावसातही चालतात, फक्त वाळायला दुप्पट वेळ घेतात. ब्रशनं लावताना थिनरऐवजी रिटार्डरचा (रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचा) थेंब घाला, नाहीतर दुसऱ्या हाताबरोबर पहिला थर उचलून येतो.

आता वायरिंग. या लेखातला सगळ्यात उपयोगी हिशेब हा आहे: खऱ्या वस्तूची जाडी भागिले २०. स्पार्क प्लगची जुन्या पद्धतीची वायर साधारण ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे मॉडेलवर ०.३५. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गेजवर मिळते. २८ गेज म्हणजे ०.३७६ मिलिमीटर, ३० गेज म्हणजे ०.३१५. कागदावर २८ जवळची वाटते, पण तारेवर इनॅमलचा लेप असतो आणि वर आपला काळा रंग चढणार. म्हणून ३० घ्या. लेप आणि रंग धरून ती बरोबर ०.३५ च्या आसपास येते. ड्रिल ०.४ चं. अशी तार दुकानदार बहुधा पैसे न घेताच देतात. मला टेंभी नाक्याजवळच्या एका काकांनी मूठभर तुकडे दिले, वर "मुलाच्या प्रोजेक्टला का?" असं विचारलं. मी हो म्हटलं.

जाड नळ्यांसाठी सोल्डरची तार. २२ गेजची तार म्हणजे ०.७ मिलिमीटर, खऱ्या गाडीत १४ मिलिमीटरची नळी. ती हातानं हवी तशी वळते आणि वळलेली राहते. तांब्याची तार मात्र स्प्रिंगसारखी परत उठते. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात धुवा आणि त्याच टेबलावर चहा-खारी नको.

बारा प्लगना बारा वायरी. क्रम असा: आधी प्रत्येक प्लगच्या जागी सुईनं खूण करा. थेट ड्रिल लावलं तर पातं घसरतं. भोक एक-दीड मिलिमीटर खोल. तारेचा तुकडा हवा त्याच्या दुप्पट कापा, टोक फेविक्विकच्या थेंबाला टेकवून भोकात घाला. फेविक्विक ट्यूबमधून थेट कधीच नाही. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यावर एक थेंब काढा आणि तिथून टाचणीनं उचला. एका बाजूच्या सहाही वायरी बसल्या की रात्रभर ठेवा, मग त्यांची जुडी करून वळवा. जुडी बांधायला मी काळ्या रंगात बुडवलेल्या सिगारेटच्या चांदीच्या सुतासारख्या पट्ट्या वापरते. सिगारेट शेजारच्या काकांची, पट्ट्या माझ्या.

वायरी एकमेकींना समांतर आणि एकाच वळणानं गेल्या पाहिजेत. १९६५ च्या होंडाच्या मेकॅनिकांनी त्या नीट बांधल्या होत्या. गुंता दिसला की इंजिन खरं वाटण्याऐवजी नवशिक्याचं वाटतं.

त्या बारा तुताऱ्या. किटमध्ये त्यांची तोंडं जाड येतात, कारण साच्यातलं प्लास्टिक याहून पातळ होत नाही. खऱ्या तुतारीची कड पत्र्याची, एक मिलिमीटरच्या आतली, म्हणजे इथं ०.०५, जे करता येणं शक्य नाही. पण डोळ्याला फसवता येतं. ब्लेडचं टोक तोंडात घालून हलक्या हातानं गोल फिरवत आतल्या बाजूनं उतार द्या. कड पातळ दिसते आणि आत सावली पडते. तोंडाच्या आत एक्सएफ-१ काळा, कडेला चंदेरी. बारा तुताऱ्यांना मला पाच संध्याकाळी लागल्या. यातली एक जरी वाकडी लागली तरी रांग बिघडते. म्हणून गोंद ओला असताना गाडी डोळ्यांच्या पातळीवर धरून पट्टीच्या कडेशी जुळवा.

एक्झॉस्टचे पाईप तापून रंग बदलतात. इंजिनाकडे निळसर, मग जांभळट, मग पिवळट तपकिरी. पारदर्शक निळा आणि नारिंगी, एक्स-२३ आणि एक्स-२६, खूप पातळ करून तीन-चार फवाऱ्यांत. पहिल्या फवाऱ्यानंतर काहीच झालं नाही असं वाटलं पाहिजे. पाईपच्या आतलं तोंड काळंकुट्ट करू नका. शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळात तिथं राखाडी-तपकिरी थर बसे.

शेवटी इनॅमल रंगाचा पातळ वॉश: काळा आणि तपकिरी मिसळून, फक्त खाचांमध्ये, आणि सुकल्यावर इनॅमल थिनरनं ओलसर केलेल्या इयरबडनं वरून पुसून. हा वॉश रंग न लावलेल्या प्लास्टिकवर कधीही जाऊ देऊ नका, विशेषतः जिथं भाग ताणून बसवलाय तिथं. इनॅमल थिनर प्लास्टिकला तडे पाडतो आणि ते तडे दुसऱ्या दिवशी दिसतात. तेलाचे ओघळ वगैरे जेमतेम. ही एका शर्यतीची गाडी आहे, उसाच्या फडातला ट्रॅक्टर नाही.

टब, कॉकपिट, सस्पेन्शन

यावर फार लिहिण्यासारखं नाही. किटच्या पायऱ्या पाळा. सस्पेन्शनच्या दांड्यांवरची साच्याची रेघ काढा आणि त्या काळ्याऐवजी चंदेरी ठेवा, त्या जमान्याशी जुळतं. सीटला सॅटिन काळा, घड्याळांच्या काचांवर एक्स-२२ क्लिअरचा एकेक थेंब. ब्रेकच्या नळ्यांना तीच ३० गेजची तार.

किटमध्ये क्रोमचा मुलामा असलेले भाग आले आणि तो चमचमाट आवडला नाही, तर कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचमध्ये काही तास ठेवा, उतरतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

बॉडी: भाऊबीज उलटू द्या

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला तरी मी थांबते. फटाक्यांचा धूर आणि काजळी आठवडाभर हवेत असते, आणि पांढऱ्या ओल्या रंगावर तिच्यासारखा शत्रू नाही. भाऊबीज झाली, गॅलरी धुऊन काढली, हायग्रोमीटर, म्हणजे तो आर्द्रतेचा काटा, साठच्या खाली आला, की कॅन बाहेर. साठच्या वर असेल तर मी वाट बघते. सत्तरच्या वर तर लॅकरला हातही लावू नका. सकाळपेक्षा दुपारी बारा ते तीन ही वेळ चांगली, कारण तेव्हा हवा सर्वांत कोरडी असते.

सांधे आधीच भरून घ्या. छोट्या फटींना फेविक्विक आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर. अर्ध्या तासात घासून टाका, नंतर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना शेजारचं प्लास्टिकच खाली जातं. बॉडीवरच्या पॅनेलच्या रेघा सुईच्या टोकानं एकदा हलकेच खोल करा, कारण प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून सहा-सात थर त्या बुजवणार आहेत. रेघ ओढताना एकाच दिशेनं, दाब न देता, तीन-चार वेळा. जोर लावला की सुई पळते.

पहिला थर राखाडी प्रायमरचा. राखाडी एवढ्यासाठी की खोट दिसते. नखानं लागत नाही असा खड्डा प्रायमरनंतर आरशासारखा समोर येतो. भरा, घासा, परत प्रायमर. मी तीनदा केलं. मग साधा पांढरा, आणि त्यावर गाडीचा रंग. मधला पांढरा वगळू नका. पुढे पॉलिश करताना कडेला रंग घासला गेलाच तर खाली राखाडी न दिसता पांढरा दिसतो.

होंडाचा तो रंग कागदी पांढरा नाही, किंचित हस्तिदंती आहे. मी तामियाचा टीएस-७ रेसिंग व्हाइट कॅन वापरला. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हाताला सहज सोसेल इतकंच कोमट, गॅसजवळ तर मुळीच नाही. अंतर वीतभर. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिले दोन थर इतके विरळ की खालचं दिसत राहतं. दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा. शेवटचा थर थोडा ओला, ज्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. मग वर उपडा डबा टाका आणि लांब निघून जा. चिकटलं का ते बोटानं बघू नका.

सुरक्षिततेबद्दल एकदाच बोलते. कापडी मास्क किंवा एन-९५ रंगाची वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेसाठीचा काडतूस असलेला मास्क लागतो. आणि फवारणी घरात करत असाल तर देवापाशी दिवा लागायच्या आधी. गॅस गीझर चालू असलेल्या बाथरूममध्ये तर कधीच नाही. हे मला आईनं शिकवलं, रंगाच्या कॅनवरचा इशारा वाचून दाखवून.

लाल सूर्य

किटमध्ये तो डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र, म्हणून येतो. चालतो. पण मला डिकलची कड दिसत राहते, म्हणून दुसऱ्या गाडीवर मी तो रंगवला. युक्ती सांगते, कारण ती कुठल्याही टेपवर लागू पडते. मास्किंग टेप काचेवर चिकटवून वर्तुळ कापा, आतला गोल फेका, बाहेरची टेप बॉडीवर लावा. नाकाचा भाग दोन्ही दिशांना गोलाई असलेला आहे, त्यामुळे सपाट टेपला सुरकुत्या पडतात. बाहेरच्या कडेनं चार-पाच चिरा द्या म्हणजे ती बसते. आता लाल मारायच्या आधी टेपच्या कडेवर पुन्हा बॉडीचाच पांढरा एक विरळ फवारा मारा. टेपखाली जे काही झिरपायचं ते पांढरं झिरपतं आणि भेग बुजते. त्यावर लाल. टेप लाल पूर्ण वाळण्याआधी, कडेला जवळजवळ दुमडून, सावकाश ओढा.

बाकी क्रमांक वगैरे डिकलच. पाणी आरओचं घ्या, कोमट. कागद वीस सेकंद बुडवून बाहेर ओल्या टिशूवर ठेवा, डिकल स्वतः सरकेपर्यंत ओढू नका. जागेवर बसला की मऊ करणाऱ्या द्रावणाचा एक हात. मग तो सुरकुततो आणि आपल्या पोटात गोळा येतो. हात लावू नका. अर्ध्या तासात आपोआप ताणून बॉडीला चिकटतो. मी पहिल्यांदा बोट लावलं आणि ११ मधला एक १ तिथंच तुटला.

क्लिअर आणि पॉलिश

डिकल दोन दिवस वाळू द्या. क्लिअरचे पहिले तीन थर धुक्यासारखे. इथंच लोक घाई करतात, ओला लॅकर डिकलवर पडतो आणि डिकल विरघळतो. धुक्याचे थर बसले की मग दोन ओले.

जुलैमधली ती साय अशी काढली: कोरड्या दिवसाची वाट पाहून, सावकाश उडणारा रिटार्डर थिनर एअरब्रशमध्ये भरून, नुसता तोच विरळ मारला. वरचा थर पुन्हा मऊ झाला, अडकलेला ओलावा निघून गेला, लाल परत आला. डाग मात्र एका कडेला राहिला, म्हणून ती गाडी आता मागच्या रांगेत.

पॉलिशला कधी घ्यायचं? नाक लावून वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर रंग वाळलेला नाही, भले तो हाताला कडक लागो. डिसेंबरातही मी दोन आठवडे देते. मग पॅनेलच्या कडांना आणि उंचवट्यांना टेप लावून, १५०० आणि २००० चा कागद पाण्यात भिजवून सपाट भाग घासा. सगळीकडे एकसारखं मॅट झालं की थांबा. मग गाड्यांच्या दुकानातलं रबिंग कंपाऊंड जुन्या सुती बनियनच्या तुकड्यानं, आधी जाडं, मग बारीक. टेप काढून कडांना शेवटचे दोन-चार हात.

किती चमक हवी यावर वाद आहे. माझ्या मते रेसिंग कार नव्या एसयूव्हीसारखी झळकू नये. खिडकीची चौकट प्रतिबिंबात ओळखू यावी, गजांची नक्षी मोजता येऊ नये. रेघांमध्ये वॉश घालताना पांढऱ्या गाडीवर काळा घालू नका. ती नकाशासारखी दिसते. फिकट राखाडी पुरे.

चाकं आणि शेवटची जोडणी

टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर मधली रेघ असते. तो टायर हातड्रिलच्या दांड्यावर चढवून ४०० च्या कागदावर फिरवा, रेघही जाते आणि धावलेल्या टायरचा निस्तेजपणाही येतो. मऊ टायरमधलं तेल वर्षभरात ज्या प्लास्टिकला टेकतं ते चिघळवतं. चाकाच्या रिमला चांगला रंग असू दे आणि गाडी अ‍ॅक्रिलिकच्या तळावर नुसती ठेवू नका. चारही टायरखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे नखाएवढे तुकडे पुरतात, समोरून दिसतही नाहीत.

पुढची पारदर्शक काच फेविकॉलनं. पांढरा दिसतो पण सुकल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकलं तर पाण्यानं पुसता येतो. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरं धुकं बसवते, ते परत निघत नाही. आरसे, काच, पेट्रोलचं झाकण हे सगळं सर्वांत शेवटी, आणि त्यानंतर गाडी फक्त खालून धरायची.

मग केस. ठाण्यात उघड्या शोकेसमधलं मॉडेल महिन्याभरात धुळीनं राखाडी होतं. समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर आठवड्यात. अ‍ॅक्रिलिकचा बंद डबा घ्या आणि आत एका कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. दाणे जूनमध्ये रंग बदलतात, तेव्हा तापवून परत वापरता येतात. निळे दाणे असतील तर स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. माझ्याकडे त्यासाठी एक चेपलेलं स्टीलचं झाकण वेगळं आहे. आईनं त्यावर काळ्या मार्करनं दोन्ही बाजूंनी मोठी फुली मारून ठेवली आहे.